वाचक विचारतात : गेमिंग पीसीची रॅम आणि तिच्या आजूबाजूचं सगळं

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न असेंबल गेमिंग पीसीचे आहेत आणि त्यातले बरेचसे रॅमवरच अडकलेत. कारणही तसंच आहे, २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव जे चढले ते बघून ज्याने त्याने आपलं कोटेशन परत काढायला घेतलंय. भाव का चढले ते थोडक्यात सांगतो, म्हणजे दुकानदारावर उगाच राग निघायला नको. जगात रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि या तिघींनीही आपलं बरंचसं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरला लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे वळवलं, कारण पैसा तिकडे जास्त आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मधे जाहीरच केलं की क्रुशल या नावाने साध्या गिऱ्हाइकाला रॅम आणि एसएसडी विकणं आम्ही बंद करतोय. त्यामुळे रॅम आता कोटेशनच्या तळाशी एका ओळीत उरकायची गोष्ट राहिलेली नाही. भाव आठवड्याला हलतायत म्हणून रुपयांचे आकडे मी देणार नाही, काय घ्यायचं आणि का घ्यायचं तेवढं सांगतो.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरच्यांनी एकदाचं हो म्हटलंय. रायझेन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चा मदरबोर्ड, आरटीएक्स ४०६० ग्राफिक कार्ड असं ठरलंय. दुकानदार म्हणतोय ५२०० ची सीएल ४० वाली १६ जीबीची एकच स्टिक घे, पुढे दुसरी टाकू. मित्र म्हणतोय ६००० च्या खाली घेतलीस तर पैसे पाण्यात. आणि घरी जुन्या पीसीतली ८ जीबी डीडीआर४ पडून आहे ती चालेल का? लई कन्फ्यूजन झालंय.
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

आधी शेवटचं. डीडीआर४ चालणार नाही, अजिबात नाही. तुझा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा आहे (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) आणि एएम५ वर फक्त डीडीआर५, म्हणजे रॅमची पुढची पिढी चालते. दोन्हीला पिना २८८ च असतात पण मधली खाच वेगळ्या जागी असते, ती बसत नाही आणि जोर लावून बसवायला गेलास तर स्लॉट जाईल. ती जुनी स्टिक विकून टाक, सध्या तिलाही बरा भाव येतोय.

आता स्पीड, म्हणजे ते ५२०० आणि ६००० चे आकडे. तुझा मित्र ६००० म्हणतोय त्यात तथ्य आहे, रायझेन ७००० साठी एएमडीने स्वतःच ६००० हा आकडा सोयीचा म्हणून सांगितलाय, त्याच्या वर गेलं की पैसे जास्त जातात, मशीन अस्थिर व्हायची शक्यता वाढते आणि गेममधे फरक जेमतेम दिसतो. पण नुसता मोठा आकडा बघून भुलू नकोस, त्याच्या शेजारचा सीएल पण बघ. सीएल म्हणजे प्रोसेसरने डेटा मागितल्यावर रॅम किती ठोके थांबून तो द्यायला सुरुवात करते ते. हिशोब सोपा आहे, सीएलला २००० ने गुणायचं आणि रॅमच्या स्पीडने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ६००० सीएल ३० चे होतात १०, ६००० सीएल ३६ चे १२, आणि दुकानदार देतोय त्या ५२०० सीएल ४० चे होतात साधारण १५.४. गंमत म्हणजे जुन्या डीडीआर४ ३२०० सीएल १६ चे पण बरोबर १० च येतात, म्हणून नवीन आहे म्हणजे सगळ्यात वेगवान असं धरून चालू नये, डीडीआर५ चा खरा फायदा एका वेळेला जास्त डेटा वाहून नेण्यात आहे. माझं म्हणणं, सीएल ३० मिळाली तर उत्तम, ३६ मधे नि ३० मधे किमतीचा फरक मोठा असेल तर ३६ घे आणि उरलेले पैसे पॉवर सप्लायला लाव, आरटीएक्स ४०६० बरोबर खेळताना हा फरक तुझ्या डोळ्याला कळायचा नाही.

मग एक स्टिक की दोन? तुझ्या बोर्डवर मेमरीचे दोन चॅनल, म्हणजे डेटा जायचे दोन रस्ते आहेत, एकच स्टिक लावलीस तर एकच चॅनल चालतो आणि डेटा न्यायची ताकद निम्मी होते. गेम चालतील, पण गर्दीच्या सीनमधे झटके बसतात, सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरा दिसतो नि हाताला मात्र गेम अडकल्यासारखा वाटतो. म्हणून सगळ्यात चांगलं काय तर एकाच खोक्यात आलेली १६-१६ ची जोडी. आता बजेट बसत नसेल तर काय करायचं, इथे माझं मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळं आहे. लोक म्हणतील ८-८ ची जोडी घे. आजच्या आज बघितलं तर ती गेममधे एका १६ च्या पुढे राहीलही, पण वर्षभराने तुला ३२ करायचे झाले तर त्या दोन तशाच ठेवून अजून दोन लावाव्या लागतील, आणि डीडीआर५ मधे चार स्टिक ही कटकट आहे. रायझेन ७००० ला एएमडी अधिकृतपणे दोन स्टिकवर ५२०० सांगते आणि चार लावल्या की ३६०० वर येते. बऱ्याच मशीन त्याहून वर चालतात हे खरं, पण खात्री कुणी देत नाही. शिवाय ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर चिपा कमी असतात, त्यामुळे त्या १६ वालीपेक्षा थोड्या मंदच. म्हणून पैसे अगदीच कमी पडत असतील तर तुझा दुकानदार म्हणतोय तसं १६ ची एक स्टिक घे, पण ५२०० सीएल ४० नको, ६००० चीच घे, आणि तिचा पूर्ण पार्ट नंबर फोटो काढून ठेव, दुसरी घेताना अगदी तोच नंबर माग. तरीसुद्धा वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन स्टिक जमतीलच अशी गॅरंटी नसते, हे मनाशी धरून चाल.

पण त्याच्याही आधी तुझ्या कोटेशनमधली बाकीची यादी मला बघावीशी वाटते. लिक्विड कूलर आहे का त्यात? असेल तर काढून टाक, ७६०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर आहे, खोक्यात कूलर येतो तोच चालतो, फार तर साधा टॉवरचा एअर कूलर घे. चकाकणारे सहा फॅन आहेत का? तीन साधे घे. एवढं केलंस तरी दुसऱ्या स्टिकच्या दिशेने बरीच मजल जाते.

मशीन जोडल्यावरच्या तीन गोष्टी. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे लावायच्या, शेजारी शेजारी नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, बोर्ड त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबत बसू नकोस, चहा पिऊन ये. आणि बायोसमधे, म्हणजे बोर्डच्या आतल्या सेटिंगमधे जाऊन एक्स्पो चालू कर, एक्स्पो म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडने चालवायचं सेटिंग, ते केलं नाहीस तर ६००० ची रॅम गुपचूप ४८०० च्या आसपास चालत राहते नि तुला कळत पण नाही. चालू झाली का ते टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्स आणि मग मेमरी असं जाऊन बघ. सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमधे ३००० च्या आसपास आकडा दिसला तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस, डीडीआर म्हणजेच एका ठोक्यात दोनदा डेटा, तिथे खरा ठोका दाखवतात, त्याची दुप्पट धरायची.

प्रश्न : माझा मुलगा दहावी झाला, त्याला गेमिंग कम्प्युटर पाहिजे. एका जाहिरातीत "आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० जीबी" असं अगदी स्वस्तात देतायत. मला यातलं काही कळत नाही. घेऊ का?
— एक आई, विजापूर रोड

ताई, घेऊ नका, निदान मी सांगतो ते चार प्रश्न विचारल्याशिवाय तरी नका. आय सेव्हन हे नाव २००८ पासून चालू आहे. जाहिरातीतला आय सेव्हन बहुतेक वेळा २६०० किंवा ३७७० असतो, म्हणजे २०११-१२ सालचा, कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला. त्याला चार कोर असतात, आणि २०२२ मधे आलेल्या साध्या आय थ्री १२१०० ला पण चारच असतात, तरी तो आय थ्री याला खूप मागे टाकतो. त्यातली १६ जीबी रॅम पण डीडीआर३ असते, ती पुढच्या कुठल्याच नव्या बोर्डवर चालत नाही, म्हणजे उद्या मशीन बदलायचं झालं तर त्यातलं काहीच कामाला येत नाही. आणि ४ जीबीचं ग्राफिक कार्ड म्हणजे जीटी ७३० असेल, तर ते गेमिंगचं कार्डच नाही, त्याच्यावर कितीही जीबी लिहिलेले असोत.

अजून एक अडचण, विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि ते २६००, ३७७० त्याच्या बरेच आधीचे. मुलं जे व्हॅलोरंट खेळतात ते विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षेच्या सोयी मागतं, नाहीतर चालूच होत नाही, जुगाड करून ११ टाकून दिलं तरी हा गेम अडेल.

तर विचारा : प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय, रॅम डीडीआर३ की ४ की ५, पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा आणि मॉडेल काय, आणि जीएसटीचं बिल देणार का. यातल्या एकाला जरी "ते काय करायचंय तुम्हाला" असं उत्तर आलं तर दुसऱ्या दुकानात जा.

कमी पैशात नवीन पाहिजे असेल तर रायझेन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर बघा, त्यात ग्राफिक आतच असतं, वेगळं कार्ड आत्ता घ्यायची गरज नाही, हलके गेम चांगले चालतात, अभ्यासाचं नि कोडिंगचं सगळं होतं आणि नंतर कार्ड टाकता येतं. फक्त एक अट, याला डीडीआर४ ३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिकच लावायला सांगा, एक १६ ची नाही. आतलं ग्राफिक स्वतःची मेमरी नसल्यामुळे रॅमच वापरतं, म्हणून एका स्टिकवर त्याचा जीव अर्ध्यावर येतो, इथे फरक खरंच डोळ्याला दिसतो. दुकानदार सोयीसाठी एकच लावतात, म्हणून समोर उभं राहून बघा. आणि दुकानात नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर दाखवला, म्हणजे १२४००एफ वगैरे, तर त्यात ग्राफिक नसतं, कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे आय ५ १२४००एफ, एच६१० बोर्ड आणि ८ जीबी २६६६ ची एक स्टिक आहे. १६ जीबी ३६०० ची स्टिक घेऊन बाजूला लावली तर २४ जीबी होईल ना? स्पीड ३६०० मिळेल ना?
— सात रस्ता

२४ होईल, ३६०० मिळणार नाही. दोन वेगळ्या स्टिक लावल्या की दोन्ही कमी वालीच्या स्पीडने चालतात, म्हणजे २६६६. आणि २६६६ वाली काढून टाकलीत तरी एच६१० बोर्ड रॅम ओव्हरक्लॉक करू देत नाही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवू देत नाही, डीडीआर४ त्यावर ३२०० च्या वर जातच नाही. ३६०० साठी जास्त पैसे देऊ नका. ८ आणि १६ एकत्र लावल्यावर १६ जीबीपर्यंत दोन्ही चॅनल चालतात आणि वरचे ८ एका चॅनलवर, वापरायला तसं वाईट नाही. पैसे कमी असतील तर ८ जीबी ३२०० ची एक घ्या नि १६ करा. तुमची २६६६ ची स्टिक चालतेय म्हणजे तुमचा बोर्ड डीडीआर४ चाच आहे, नवी स्टिकही डीडीआर४ चीच मागा, १२ व्या, १३ व्या, १४ व्या पिढीच्या इंटेलला दोन्ही प्रकारचे बोर्ड आलेत, त्यात लोक हमखास चुकतात.

प्रश्न : आमचं घर आणि कारखाना एकाच इमारतीत आहे, खाली टॉवेलचे माग, वर आम्ही. मुलाचा गेमिंग पीसी दोन वर्षांत तिसऱ्यांदा दुरुस्तीला गेला. उन्हाळ्यात गेम खेळताना आपोआप बंद होतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. दुरुस्तीवाला प्रत्येक वेळी रॅम साफ करून देतो, चार दिवस चालतं. रॅमच बदलू का?
— अक्कलकोट रोड

काका, रॅम बदलू नका. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळे रोग आहेत आणि रॅमचा बहुधा त्यात काही दोष नाही. रॅम काढून पुसून लावली की पीसी चालतो याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं की कॅबिनेट उघडलं, थोडी धूळ झटकली गेली, कनेक्शन हलली.

पहिली गोष्ट सुताची. मागाजवळच्या हवेत कापसाचे बारीक तंतू सतत तरंगत असतात आणि ते साध्या धुळीसारखे उडून जात नाहीत, एकमेकांत गुंततात. कूलरच्या फॅनच्या मागे पत्र्याच्या पात्यांवर त्याचा चादरीचा तुकडा शिवून बसवावा तसा थर तयार होतो, बाहेरून फॅन फिरताना दिसतो पण हवा पुढे जातच नाही. ग्राफिक कार्डाचं तेच, पॉवर सप्लायच्या पोटात तर सगळ्यात जास्त आणि तो कुणी उघडतच नाही, आणि तुम्ही पण उघडू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमधे करंट राहतो. त्यावर आपला उन्हाळा, एप्रिल-मे मधे पारा चाळिशी ओलांडतो, खाली माग चालू असताना वरची खोली अजून तापते. खोली जितकी गरम तितकंच आतलं सगळं त्याच्या वर सरकतं, कारण कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही.

काय करायचं : कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, तंतू खालीच जास्त असतात. पुढच्या बाजूला जाळी आणि काढून धुता येईल असा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या, पुढे काच असलेलं दिसायला छान पण तुमच्या घरात नको. हवा आत घेणारे फॅन दोन आणि बाहेर टाकणारा एक ठेवा, म्हणजे आत हवेचा दाब थोडा जास्त राहतो आणि फटीफटीतून तंतू ओढले जात नाहीत, जे येतं ते फिल्टरवर अडतं. फिल्टर दर आठवड्याला. आतून ब्लोअर दर महिन्याला, तो मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवायचं नाहीतर फॅन प्रमाणाबाहेर फिरून बेअरिंग जातं. आणि कारखान्यातला कॉम्प्रेसर वापरायचा मोह होईल, हाताशीच असतो, पण वापरू नका, त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचे कण येतात आणि प्रेशर पण फार असतं. छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर घ्या.

दुसरी गोष्ट, आपोआप बंद होतो म्हणजे नेमका कसा, ते मुलाला विचारा. गेम हळूहळू मंद होत जात असेल तर प्रोसेसर किंवा कार्ड तापून स्वतःला आवरतंय. स्क्रीन काळी होऊन फॅन जोरात फिरत राहत असतील तर बहुतेक ग्राफिक कार्ड. पण खटकन पूर्ण बंद होत असेल, बटण दाबल्यासारखा, तर बहुतेक पॉवर सप्लाय. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून खेळताना तापमान किती जातं ते लिहून ठेवा आणि ते आकडे घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा. पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर मी तर म्हणेन आकडे बघायच्या आधी तो बदला. खोक्यावर ५०० वॅट लिहिलेलं असतं म्हणून फसू नका, १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर लिहिलेत ते बघा, १२ ने गुणा, खरी ताकद तेवढीच, स्वस्त सप्लायमधे हा आकडा खोक्यावरच्या वॅटपेक्षा बराच कमी निघतो. एका साध्या कार्डाच्या गेमिंग पीसीला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ब्रॉन्झ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) पुरतो.

तिसरी गोष्ट झिणझिण्या, आणि ही मी सगळ्यात गंभीर धरतो. कम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते लाइनमधून थोडासा करंट बॉडीकडे सोडतात आणि तो अर्थिंगच्या वायरीतून निघून जायला पाहिजे. अर्थिंग नसेल किंवा तुटलं असेल तर तो बॉडीवरच राहतो, तुम्ही हात लावला की तुमच्यातून जातो. करंट अगदी थोडा असतो, पण अर्थिंग नाही याची ती खूण आहे, आणि उद्या मोठा फॉल्ट झाला तर वाचवायला काही नाही. चांगला वायरमन बोलवा, न्यूट्रल आणि अर्थिंगमधे किती व्होल्ट येतात ते मोजायला लावा, दोन-तीनच्या वर जात असेल तर अर्थिंगचं काम करून घ्या. स्पाइक गार्डचाही अर्थिंगशिवाय पुरता उपयोग होत नाही, त्यातला वाढीव व्होल्टेज बाहेर टाकायचा एक रस्ताच बंद असतो. पीसीची लाइन मागाच्या मोटारींच्या लाइनवरून घेतलेली असेल तर ती मीटरपासून वेगळी काढा, मोटार चालू होताना व्होल्टेज क्षणभर बसतं आणि ते रोज होतंय.

एवढं केलं आणि तरीही बंद पडला तर मग रॅमकडे बघू.

प्रश्न : लाइट गेली की घर इन्व्हर्टरवर जातं, पंखे चालू राहतात पण पीसी रिस्टार्ट होतो. वेगळा यूपीएस घ्यावाच लागेल का?
— भवानी पेठ

आधी इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण आहे का बघा, त्यावर यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं असतं. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला थोडा वेळ घेतो, तेवढा वेळ पीसीच्या पॉवर सप्लायने स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर काढायचा असतो आणि तो साठा काही मिलिसेकंदच पुरतो. यूपीएस मोडमधे इन्व्हर्टर लवकर बदलतो, त्यामुळे बऱ्याच घरात नुसतं बटण फिरवून प्रश्न सुटतो. त्या मोडमधे व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी तो बॅटरीवर येतो, म्हणजे बॅटरी जास्त वापरली जाते, पण पीसीसाठी ते बरंच. इन्व्हर्टर साइन वेव्हचा पाहिजे, जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगले पॉवर सप्लाय त्यावर कुरकुरतात, कधी बंदही होतात.

तरी रिस्टार्ट होत असेल तर यूपीएस घ्या, पण घेताना व्हीए आणि वॅट एकच समजू नका. ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॅटचा असतो, त्यावर पीसी आणि मॉनिटर गेम चालू असताना काठावर येतात. १००० किंवा ११०० व्हीएचा बघा, आणि तो गेम संपवायला नाही तर सेव्ह करून बंद करायला आहे असं धरून चाला.

प्रश्न : एक्स्पो चालू केल्यापासून अधूनमधून निळी स्क्रीन येते. बंद केलं की येत नाही.
— होटगी रोड

बायोस अपडेट करा, सुरुवातीच्या एएम५ बोर्डांना त्यानेच बराच फरक पडलाय. नाही जमलं तर ६००० चं ५६०० करून बघा. मग मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा, एक जरी एरर आली तरी ती चालवून घ्यायची नाही, कारण अशी रॅम गेम बंद पाडतेच पण तुमच्या फाइलीही हळूहळू खराब करते. एक एक स्टिक वेगळी लावून तपासा. एक्स्पो बंद करूनही एरर आली तर स्टिक वॉरंटीत द्या.

प्रश्न : आरजीबी रॅम घेतली तर गेमला फायदा होतो का?
— एक वाचक

होत नाही. आरजीबी म्हणजे नुसते रंगीत दिवे, आवडत असेल तर घ्या, आवडीला पैसे घालवण्यात चूक काही नाही. फक्त उंच रॅम मोठ्या एअर कूलरखाली बसत नाही, त्याची उंची आधी मोजा.

प्रश्न : पार्ट सोलापुरात घेऊ, पुण्याला जाऊन घेऊ की सिकंदराबादला? ऑनलाइन पण बरेच स्वस्त दिसतात.
— मुरारजी पेठ

मी याला एकच उत्तर देत नाही, पार्ट बघून ठरवतो. प्रोसेसर आणि एसएसडी क्वचितच बिघडतात, ते जिथे स्वस्त तिथून घ्या, सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला एकाच इमारतीत भरपूर दुकानं आहेत, भाव करता येतो, पुण्यालाही सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येतं. पण बोर्ड, पॉवर सप्लाय आणि ग्राफिक कार्ड यांची वॉरंटी वापरायची वेळ येऊ शकते, ते मला गावातल्या दुकानातून घेणं बरं वाटतं, थोडे जास्त गेले तरी. सर्व्हिस सेंटर पुण्यात असेल तर बिघडलेला बोर्ड घेऊन तुम्ही चकरा मारायच्या की दुकानदाराने कुरिअर करायचा, हा प्रश्न त्या जास्तीच्या पैशात सुटतो. फक्त विकत घ्यायच्या आधी त्याला स्पष्ट विचारा की बिघडलं तर तू पाठवणार का मी, आणि किती दिवस लागतात.

रॅमचं सध्या वेगळं आहे. भाव चढलेले असताना जुन्या चिपा नवीन स्टिकर लावून विकणारे पण वाढतात, म्हणून रॅम अनोळखी विक्रेत्याकडून ऑनलाइन घेऊ नका. पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, स्टिकवरचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, आणि तोच नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या, कच्च्या चिठ्ठीवर नाही, १८ टक्के वाचतात म्हणून बिल सोडू नका. रॅमवर बऱ्याच कंपन्या दहा वर्षं किंवा लाइफटाइम वॉरंटी देतात, दोन वर्षांनी स्टिक गेली तर आजच्या भावाने ती परत घेण्यापेक्षा कंपनीकडून बदलून मिळणं किती फायद्याचं ते हिशोब करून बघा. जोडी घेतली असेल तर वॉरंटीत बऱ्याचदा दोन्ही स्टिक एकत्र मागतात, तेव्हा पाकीट आणि बिल एका पिशवीत घालून कपाटात ठेवा, आणि बिलाची शाई उडते म्हणून त्याचा फोटो पण काढून ठेवा.